मुलांचं गणित आणि ऑनलाइन साधनं : नुसतं बघायचं की हलवून पाहायचं?

मनीषनगर

नमस्कार मंडळी,

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाला की आपल्याकडे नागपुरात दुपारी पोरांना बाहेर सोडायची सोय नसते, आणि विदर्भातल्या शाळा उघडेस्तोवर जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. घराघरात पडदे ओढलेली खोली, कूलर आणि मोबाईल. मोबाईल हातात जाणारच असेल तर त्यातला काही वेळ गणिताला मिळावा, म्हणून आम्ही दोघांनी या सुट्टीत बरंच धुंडाळलं. लेक आता पाचवीत जाईल, सेमी इंग्रजीला आहे. हाती जे लागलं ते मांडते. तुमचेही अनुभव हवे आहेत.

गणिताची म्हणून जी ऑनलाइन साधनं मिळतात, त्यांत दोन अगदी निराळे प्रकार आहेत. एकात पडद्यावर प्रश्न येतो, खाली चार पर्याय. बरोबर आलं की चांदणी, टाळ्या, नाणी. ही रंगीत वर्कशीटच. येत असलेल्या गोष्टीच्या सरावाला ठीक, पण जे येत नाही ते त्यातून येत नाही. चारातले दोन पर्याय उडवून तिसऱ्यावर बोट ठेवायचं कसब मात्र मुलं फार लवकर शिकतात. दुसऱ्या प्रकारात समोर एखादी वस्तू असते. मूल ती हलवतं आणि तिच्यासोबत आकडा कसा बदलतो ते त्याला तिथल्या तिथे दिसतं. मला बोलायचंय ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' नावाचं संकेतस्थळ आहे. कार्ल वाइमन यांना २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. २००२ मध्ये त्यांनी हा प्रकल्प सुरू केला. सुरुवात भौतिकशास्त्राने झाली, आता गणिताचीही भरपूर सिम्युलेशन्स आहेत. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, जाहिराती नाहीत, आणि काही मराठीतही आहेत. त्यातलं अपूर्णांकांची ओळख करून देणारं सिम्युलेशन आम्ही घेऊन बसलो. अंश आणि छेद वाढवायला-कमी करायला बाण, बादलीत तुकडे, वर रिकामं वर्तुळ. छेद बदलला की वर्तुळातल्या रेघा बदलतात, आणि बादलीतल्या तुकड्यांचा आकारही.

लेक १/४ हा १/३ पेक्षा मोठा म्हणायची, कारण ४ हा ३ पेक्षा मोठा. पुढे शाळेत 'छेद मोठा तर अपूर्णांक लहान' असं पाठ झालं आणि पेपरात बरोबर यायला लागलं. पण तोच नियम लावून ती ३/४ ला २/३ पेक्षा लहान म्हणायला लागली! इथे तिने छेद एकेकाने वाढवत नेला, तुकडा बारीक होताना पाहिला. मग दोन वर्तुळं शेजारी घेतली, ३/४ आणि २/३. मी एवढंच विचारलं, "पूर्ण व्हायला कुठे किती कमी आहे?" तिने भरलेला भाग सोडून रिकाम्या भागाकडे पाहिलं. "यात पाव रिकामं आहे, त्यात तिसरा हिस्सा. पाव लहान. म्हणजे यात भरलेलं जास्त." छेद समान करायची रीत तिला अजून यायची आहे, पण उत्तर तिने कारणासकट काढलं. मला तर इतका आनंद झाला की काय सांगू!

एक पथ्य आम्ही कटाक्षाने पाळतो : आधी सांग, मग हलव. बाण दाबायच्या आधी काय होईल ते तोंडाने सांगायचं. हे पथ्य सुटलं की मूल भराभर बोट फिरवतं, रंग बदलतात, गंमत वाटते आणि डोक्यात काही उतरत नाही. तोंडून अंदाज निघाला की त्याला तो खरा ठरतो का हे बघायची ओढ लागते. शेवटी पाहिलेलं चित्र वहीत काढून खाली एक वाक्य लिहायचं.

आता माझे प्रश्न. मोठ्या वर्गांसाठी तुम्ही काय वापरता? वर्गात एकच पडदा असेल तर हे कसं जमवता? आणि आई-बाबा दोघंही नोकरीवर असतील तर मुलाजवळ बसायचं कोणी?

तर्रीपोहा

ताई, लिहिलं चांगलं, पण माझं मत जरा वेगळं आहे. आमच्या घरी पोट्टं मोबाईल घेऊन बसलं का पाच मिनिटात गणित बंद अन् क्रिकेटचा गेम सुरू. आपण समोर बसलो तं ठीक, आपण उठलो का झालं. अन् दुसरं म्हणजे दहावीचा पेपर कागदावर आहे, पायऱ्यांले मार्क आहेत. पडद्यावर गोल फिरवून पायरी लिहिता येते काय? माझा मोठा पोट्टा नववीत आहे. त्याले सगळं समजते, लिहाले बसवलं का हात चालत नाही. मले तं वाटते आधी वही, मग वेळ उरला तं हे.

मास्तर_काटोलरोड

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंतचे वर्ग शिकवतो. आमच्याकडे एक टीव्ही, एक जुना लॅपटॉप, आणि नेट असलं तर असलं. तेव्हा एकाच पडद्याचं मी सांगू शकतो.

फेटची बहुतेक सिम्युलेशन्स एकेक फाइल म्हणून उतरवून घेता येतात आणि मग नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. मी घरून पेन ड्राइव्हवर नेतो. केंद्रातल्या इतर शिक्षकांनाही तसंच देतो. ज्यांच्याकडे डेटा पुरत नाही त्या पालकांनीही हेच करावं.

वर्गात एक मूल लॅपटॉपजवळ येतं, बाकी सगळे पाटी घेऊन बसतात. हलवायच्या आधी प्रत्येकाने अंदाज पाटीवर लिहायचा आणि पाटी वर धरायची. ताईंचं 'आधी सांग, मग हलव' हेच आहे. फक्त तीस मुलांना तोंडाने सांगायला लावलं तर तिघंच बोलतात, बाकीचे मान डोलावतात. पाटीवर लिहिलं की लपायला जागा राहत नाही, आणि कोणाचं काय अडलंय ते मला एका नजरेत कळतं.

गुणाकाराचं उदाहरण देतो. २३ गुणिले १४ उभ्या मांडणीत मुलं व्यवस्थित करतात : ९२, खाली २३०, बेरीज ३२२. "दुसऱ्या ओळीत शेवटी फुली का मारली?" विचारलं की सगळा वर्ग गप्प. कारण ती मारायची असते म्हणून मारली. फेटवर क्षेत्रफळाच्या आकृतीने गुणाकार दाखवणारं सिम्युलेशन आहे. २३ लांब, १४ रुंद असा आयत. लांबी २० आणि ३ वर तोडली, रुंदी १० आणि ४ वर. चार तुकडे पडले : २००, ३०, ८०, १२. मग फळ्यावरची उभी मांडणी शेजारी ठेवली आणि विचारलं, यातले ९२ चित्रात कुठे आहेत? मुलं शोधायला लागली. ८० आणि १२. आणि २३०? २०० आणि ३०. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मग ती फुली म्हणजे दहाने गुणलं ना!" ती एरवी वर्गात तोंड उघडत नाही.

तर्रीपोहा भाऊ, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, पण पायरी लिहायला हात का अडतो तेही पाहायला हवं. पायरीमागचं कारण ज्याने पाहिलेलंच नाही त्याला ती पाठ करावी लागते, आणि पाठ केलेलं परीक्षेत नेमकं अर्धवट आठवतं.

पहिली-दुसरीला मात्र मी पडदा मागे ठेवतो. आधी काड्यांचे गठ्ठे, मण्यांची माळ, दहाच्या दांड्या आणि सुट्टे. हाताला वजन लागलं पाहिजे. हिवाळ्यात आमच्याकडे संत्र्यांना तोटा नाही. अपूर्णांक सुरू करायचे की मी वर्गात संत्री आणतो. फोडी मोजायला लावतो : कधी दहा निघतात, कधी अकरा, आणि एखादी अगदी चिमटीएवढी. "ही पण एक दशांश का?" यावर वर्गात जे भांडण होतं, त्यातून 'समान भाग' हे मुलांना आयुष्यभरासाठी कळतं. पडद्यावरचे तुकडे सगळे बिनचूक सारखे असतात, तिथे हा प्रश्न कधी उठतच नाही. म्हणून आधी संत्रं, मग सिम्युलेशन.

सेमीवाल्या पालकांना एक सूचना. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. मंगला नारळीकर बाईंच्या समितीचं म्हणणं वर्गात रोज अनुभवाला येतं : त्रेचाळीस बोलताना तीन आधी येतो, लिहिताना चार. लहान मूल ३४ लिहून मोकळं होतं. त्यात ॲपमधला आवाज 'फॉर्टी थ्री' म्हणतो आणि घरी आजी 'त्रेचाळीस'. अशा वेळी आवाज बंद करा. चार दांड्या आणि तीन सुट्टे समोर ठेवून मुलाला स्वतः दोन्हीही म्हणू द्या.

बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून केंद्र सरकारच्या 'दीक्षा' ॲपवर जाता येतं (ते २०१७ मध्ये आलं). धड्याशी जुळणारे व्हिडिओ आणि सराव तिथे आहेत, उजळणीला चांगले. पण त्यात बरंचसं बघायचंच आहे, हलवायचं कमी.

फुटाळा_काठ

मास्तर, संत्र्याचं वाचून फार बरं वाटलं. हे असं आम्हाला कोणी शिकवलं असतं तर!

निळी_शाई

मी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते, तेव्हा मोठ्या वर्गांचं मी सांगते. माझी मदार दोन साधनांवर आहे : जिओजेब्रा आणि डेस्मॉस. जिओजेब्रा ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात शिकताना सुरू केलं. मोबाईलवर चालतं, ॲप उतरवून घेतलं की नेट लागत नाही. डेस्मॉस आलेख काढायला. दोन्हींना खातं उघडायची गरज नाही.

आधी भूमितीचं. जिओजेब्रात त्रिकोण काढायचा, तिन्ही कोन मोजून घ्यायचे आणि एक शिरोबिंदू धरून ओढायचा. कोन बदलत राहतात, बेरीज १८० च राहते. हे सगळेच दाखवतात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या फोनवर कोन पूर्ण अंशांत दिसत होते. त्याने ओढता ओढता थांबून विचारलं, "मॅडम, ६०, ६० आणि ५९. १७९ झाले." बाकीची मुलं म्हणाली ॲप बिघडलं. मी म्हटलं, सेटिंगमध्ये जाऊन दशांशस्थळं वाढव. ६०.४, ६०.४, ५९.२. बेरीज १८०. आकडे पूर्णांकात आणताना तिन्ही ठिकाणची कात्री एकाच बाजूला चालली होती. मग पुढचा प्रश्न त्यांच्यातूनच आला : मग १८० हे तरी खरं का? आणखी दशांशस्थळं घेतली तर तेही सरकेल. नेमकी हीच वेळ असते समांतर रेषा काढून सिद्धता लिहायची. एरवी नववीत मुलं विचारतात, "मोजून दिसतंय तर सिद्ध कशाला करायचं?" त्या दिवशी कोणीही विचारलं नाही. सगळ्यांनी निमूट वही काढली.

तर्रीपोहा, तुमच्या मुलाला हे करून पाहायला सांगा. पडदा बंद करून सिद्धता वहीतच लिहायची आहे, पण आता ती लिहायला त्याच्याजवळ कारण असेल.

दुसरं दहावीचं. गणित भाग १ चा पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा. क्रेमरच्या पद्धतीत D (x आणि y च्या सहगुणकांचा निश्चयक, उत्तर काढताना ज्याने भागायचं तो) शून्य आला तर काय, हे मुलं घोकतात. डेस्मॉसवर दोन ओळी लिहा : x + 2y = 4 आणि 2x + ky = 12. k साठी सरकपट्टी येते. k पाचवर ठेवला की रेषा (−४, ४) मध्ये छेदतात. साडेचारवर आणला की छेदनबिंदू (−१२, ८) वर जातो. ४.१ वर (−७६, ४०), म्हणजे पडद्याच्या पार बाहेर. शोधायला आलेख लहान करत करत जावं लागतं. आणि बरोबर चारवर रेषा समांतर, बिंदूच नाही. मग D काढायला लावते : k − ४. छेदनबिंदू लांब लांब पळताना ज्याने पाहिला, त्याला D शून्य असताना एकच ठरावीक उत्तर का मिळत नाही हे घोकावं लागत नाही.

एवढं सगळं एका तासिकेत होत नाही. वर्षातून चार-पाच ठिकाणीच मी हे करते, बाकी फळा आणि वही. प्रत्येक धड्याला सिम्युलेशन शोधत बसू नये.

आजोबा_महाल

सर्वांचे अनुभव मन लावून वाचले. मी सेवानिवृत्त आहे, राहणार महाल. आमच्या वेळी पाढ्यांसोबत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असायची. औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनचे पाढे. वडिलांबरोबर इतवारीत किराण्याला गेलो की सात शेर अडीच रुपयांनी म्हटल्यावर दुकानदाराने तोंड उघडायच्या आत आम्ही साडेसतरा म्हणायचो. आजच्या मुलांना ३/४ चं चित्र दिसतं हे फार चांगलं आहे. आम्हाला ते कोणी दाखवलं नाही. पण बाराची पाऊणकी नऊ हे जिभेवर असलं तर चित्र पाहताना मेंदू मोकळा राहतो. सात आठे छप्पन्न आठवायलाच ज्याची शक्ती खर्च होते त्याचं आकृतीकडे लक्ष कसं जाईल? म्हणून मनीषनगर ताईंना विनंती, पाढे सोडू नका. दोन्ही हवं.

नातवाला मी आपल्या महाराष्ट्राचे कापरेकर शिकवले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीला शाळामास्तर होते. त्यांनी १९४९ मध्ये शोधलेला आकडा ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच, आणि आला की तिथून हलत नाही. नातू पुण्याला असतो. व्हिडिओ कॉलवर तो वहीत वजाबाकी करतो, मी इकडे करतो. त्याच्या वडिलांनी त्याला संगणकावर तक्ता बनवून दिला, संख्या टाकली की सगळ्या पायऱ्या आपोआप येतात. आता तो हाताने केलेलं उत्तर तक्त्याशी ताडून पाहतो. हातचे घेऊन, उसने घेऊन किती वजाबाक्या झाल्या याचा हिशेब त्याने ठेवला नाही, मीही नाही.

संत्रानगरी

आजोबा, साष्टांग नमस्कार! आज रात्री हेच.

धाग्यात एक सावधगिरीची गोष्ट घालते, कारण शाळा उघडायच्या सुमाराला शिकवणी ॲपवाल्यांचे फोन सुरू होतात. आमच्याकडे एका मोठ्या शिकवणी ॲपचे दोन प्रतिनिधी आले होते. मुलाची 'मोफत चाचणी' घेतली, त्याच्यादेखत सांगितलं की याचा पाया कच्चा आहे, आणि लगेच तीन वर्षांचं पॅकेज पुढे केलं. रक्कम ऐकून आम्ही मागे सरलो तर हप्त्याचा फॉर्म निघाला. तो कर्जाचा फॉर्म आहे हे बारीक अक्षरात वाचल्यावर कळलं. आम्ही नाही म्हटलं. शेजाऱ्यांनी घेतलं, आणि रद्द करायला त्यांना जी पायपीट झाली ती मी पाहिली आहे. शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना अशा कंपन्यांबाबत सावध राहायची सूचना काढली होती. बँकेतून आपोआप पैसे वळते होण्याची परवानगी देऊ नका, हे त्यात साफ लिहिलेलं होतं.

राग मला पैशांपेक्षा जास्त त्या वाक्याचा येतो. आठ वर्षांच्या पोराला समोर बसवून 'पाया कच्चा' म्हणायचं? पुढचा कितीतरी काळ तो गणिताची वही काढली की आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायचा. वर ज्यांची नावं आली ती फेट, जिओजेब्रा, डेस्मॉस, शिवाय खान अकॅडमी (हिंदीतही आहे), घरी वापरायला सगळी मोफत आहेत. पैसे न देता एवढं मिळत असताना कर्ज कशाला काढायचं?

फुटाळा_काठ

माझा मुलगा चार वर्षांचा, नर्सरी संपली. त्याच्या बरोबरीची मुलं ॲपवर शंभरपर्यंत म्हणतात, घरचे मला 'तू मागे पडतेयस' म्हणून सांगतात. सुरू करू का?

मास्तर_काटोलरोड

ताई, अजिबात घाई करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जे सांगितलं त्यात तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा, आणि कमी असेल तितकं चांगलं, असं आहे. तो तास गणितात घालवायची काहीच गरज नाही.

शंभरपर्यंत म्हणणं म्हणजे गाणं म्हणणं आहे, मोजणं निराळं. त्याला ताटात पाच शेंगा द्या आणि मोजायला सांगा. शेंगा पसरून ठेवल्या की तो पुन्हा मोजतो का बघा. पुन्हा मोजत असेल तर 'पाच म्हणजे पाच, कशाही ठेवा' हे अजून पक्कं व्हायचंय, आणि त्याला ॲप नाही, शेंगाच लागतात. जिने चढताना पायऱ्या मोजा, जेवायला बसलेल्यांना वाट्या वाटायला लावा, एक कमी पडली तर काय करायचं ते त्यालाच विचारा. पहिली-दुसरीत गेला की फेटवर दहा बनवायचं सिम्युलेशन आहे, दोन संख्यांचे गठ्ठे ओढून दहा पूर्ण करायचे, हातच्याच्या बेरजेआधी फार उपयोगी. तोवर थांबा.

मनीषनगर

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! मास्तर, तुमचं पाटी वर धरायचं आम्ही घरी उचललं. लेक, तिचा मामेभाऊ आणि शेजारची दोघं, असे चौघं जमतात, प्रत्येकाच्या हातात पाटी. एकटीपेक्षा चौघांत फार छान चालतं, कारण अंदाज वेगळे निघतात आणि मग एकमेकांना पटवायची चढाओढ लागते. आई-बाबा नोकरीवर असण्याच्या माझ्या प्रश्नालाही यातच उत्तर सापडलं : सोसायटीत आळीपाळीने एक पालक रविवारी सकाळी तासभर बसतो.

आजोबा, पाढे चालूच आहेत. पावकी-निमकी माझ्या सासूबाईंना येते. त्यांनी लेकीला शिकवायला घेतली आहे.

आणखी एक. गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रात आम्ही सगळ्यांना घेऊन गेलो होतो. १९९२ पासून नागपूरची मुलं तिथे हातांनी फिरवून, दाबून, ओढून विज्ञान बघतायत. पण तिथेही तेच दिसलं. मोठं माणूस सोबत नसलं की मुलं बटण दाबतात आणि निकाल दिसायच्या आत पुढच्या यंत्राकडे पळतात. एका ठिकाणी थांबवून "काय होईल?" विचारलं की तीच मुलं तिथून हलायला तयार नसतात.

तर्रीपोहा

निळी शाई मॅडम, त्रिकोण केला. पोट्ट्याले म्हटलं १७९ आणून दाखव. बसला ना बापा तो बिंदू ओढत! १७९ भेटला, मग १८१ बी भेटला. १८१ काहून येते ते त्यानंच मले समजावून सांगितलं, का तिन्ही कोन थोडे थोडे वर गेले म्हून. अन् मग सिद्धता लिहिली, पायऱ्या बरोबर, कारणं कंसात. मोबाईलवर क्रिकेट आहेच अजून, ते काही सुटलं नाही. पण माझं 'आधी वही, वेळ उरला तं हे' म्हणणं मी आता थोडं बदलतो : ह्या दोघायले एकाच वेळी घेऊन बसायचं. सामोर जो धडा येईन त्याचं बी सांगा.

दहावीची_आई_प्रतापनगर

निळी शाई, तुमची सरकपट्टी लेकीने करून पाहिली. चारच्या जवळ बिंदू पळतो ते तिला लगेच कळलं. तिने पुढे k कमी कमी करत शून्यावर आणला, आणि दुसरी रेषा एकदम उभी झाली. ती विचारतेय, उभी का? आणि D तर शून्य नाही, मग छेदनबिंदू कुठे आहे? मला सांगता येईना.

निळी_शाई

वा, छान प्रश्न! उत्तर लिहिते, पण ते तिला सरळ वाचून दाखवू नका. k शून्य झाला की ky उडतो, उरतं 2x = 12, म्हणजे x = 6. आता तिला तक्ता करायला सांगा : y शून्य असताना x किती, y दहा असताना किती, y वजा पन्नास असताना किती. तीनदा सहा लिहिल्यावर रेषा उभी का हे ती स्वतःच सांगेल. मग पहिल्या समीकरणात x च्या जागी सहा घालायला लावा : ६ + २y = ४, y वजा एक. बिंदू (६, −१). D वजा चार, त्यानेही हेच उत्तर येतं, ते तिला क्रेमरने वहीत काढून ताडून बघू दे. आणि तिथेच थांबू नका. k आणखी खाली न्यायला सांगा, वजा दहा, वजा शंभर. दुसरी रेषा हळूहळू कशी झोपत जाते आणि छेदनबिंदू कुठल्या बिंदूच्या जवळ जवळ सरकतो, ते तिने हलवायच्या आधी सांगायचंय. तिचा अंदाज काय आला तो इथे नक्की लिहा.